घाम गाळायला बंद खोली कशाला?

अंथुर्ण्याहून मी बोलतेय. परवा आमच्या एका गटाच्या बैठकीत वेगळाच विषय निघाला. एका ताईंची लेक पुण्यात नोकरीला आहे. तिनं फोनवर सांगितलं, ‘आई, मी महिनाभर रोज हॉट योगाला जाणार.’ ताईंनी मला विचारलं, मॅडम, योग गरम कसा असतो?

तर हा प्रकार असा. बंद खोली हीटर लावून चाळीस अंशांच्या आसपास तापवतात आणि दीड तास ठरलेल्या क्रमानं आसनं करतात. कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी हे अमेरिकेत नेलं आणि तिथं ते गाजलं. त्यांच्या क्रमात प्राणायाम धरून २६ प्रकार आहेत. हा क्रम आपल्याच मालकीचा आहे असा दावाही त्यांनी लावला होता. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं, आसनांच्या क्रमावर असा कॉपीराइट मिळत नाही.

हे ऐकून बैठकीतली एक आजी म्हणाली, ‘अगं, वैशाखात आपलं पत्र्याचं घर काय कमी तापतं? आपण फुकटात करतोय की!’ सगळ्या हसलो. पण आजीचं बोलणं खरंच आहे. उष्णता आपल्याला विकत घ्यावी लागत नाही, उलट तिच्यापासून जपावं लागतं.

घामावाटे शरीरातली घाण निघते असं पुष्कळ जणी समजतात. घामातून जातं ते मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीर साफ ठेवण्याचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. घाम गाळून काट्यावर वजन कमी दिसलं तरी ते पाण्याचं असतं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. शिवाय गरम हवेत अंग सैल पडतं, जास्त वाकतं, आणि त्या नादात सांधा किंवा स्नायू ताणला जातो. म्हणून दुपारी पत्र्याखाली आसनं करायची नाहीत. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर लगेच सावलीत बसा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा घ्यायचा. अंग तापलंय आणि बाई असंबद्ध बोलायला लागली तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

त्या मुलीची एक गोष्ट मात्र मला आवडली. महिनाभर, रोज.

आमच्या दोन गटांनी मागं देवळाच्या सभामंडपात पहाटेचा योग महिनाभर चालवला. पहिल्या आठवड्यात मंडप भरला. दुसऱ्यात निम्म्या बायका गळाल्या. आळशीपणा नव्हता हो. साडेपाचला कुणाची धार काढायची, कुणाच्या नळाला पाणी आलेलं, कुणाच्या घरी चहाला उशीर झाला म्हणून बोलणी. एका सासूबाईंनी तर विचारलं, ‘दिवसभर रानात राबते, तिला व्यायाम कशाला?’

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. खुरपताना आपण उकिडव्या बसतो, पाठ पुढं वाकलेली आणि एकच हात चालतो. उसाचं पाचट काढताना, भारा उचलताना कमरेवरच जोर. शरीर राबतं, पण एकाच बाजूनं. छाती उघडून मागं झुकणं, खांदे मोकळे करणं, दहा मिनिटं शवासनात पडून सावकाश श्वास घेणं, हे रानातलं कुठलंच काम करून घेत नाही.

मग गटानं वहीत ठराव लिहिला. शेजारच्या दोघींनी एकमेकींची धार काढायची, एक आड एक दिवस. पाण्याच्या वेळेला ज्याच्या त्याच्या घरातल्या मुलानं किंवा नवऱ्यानं हंडे भरायचे. कुरकुर झाली. तेव्हा मी म्हटलं, तुकोबांची पालखी आपल्या गावावरून जाते. वारीला निघालेल्या बाईला घर अठरा-वीस दिवस मोकळं सोडतं ना? मग हा तर रोजचा अर्धा तास आहे.

अंग वळत नाही म्हणून लाजू नका. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, खुर्ची, घोंगडी, भिंत यांचा आधार देऊन आसनं शिकवली. त्यांची लेक गीता यांनी बायकांच्या योगावर पुस्तक लिहिलं आणि पाळीत, गरोदरपणात काय टाळायचं ते वेगळं सांगितलं. आपल्याकडे गोधडीची घडी आणि देवळाची भिंत आहेच.

गरोदर बाई, हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेली, ऑपरेशन झालेली, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली, यांनी आधी डॉक्टरला विचारायचं. हा त्रास सांगायला बायका लाजतात, म्हणून मी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते. आणि योग सुरू केला म्हणून बीपी-शुगरची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

दशसूत्रीतलं आरोग्याचं सूत्र आपण दर बैठकीला म्हणतो. बचतीच्या वहीत हजेरीचा एक रकाना वाढवला तर कोण येईनाशी झाली ते कळतं, आणि का ते तिच्या घरी जाऊन विचारता येतं.

आमचा पुढचा महिना सोमवारपासून आहे, पहाटे साडेपाचला, सभामंडपात. रिकाम्या पोटी यायचं, सलवार-कुर्ता नसेल तर साडीचा काचा मारला तरी चालेल. गोधडी आपापली. धारेच्या पाळ्या शनिवारी ठरतील.