आधी त्वचा, मग रंग

रिवाजाप्रमाणे रंगभूषा-केशभूषा संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. तो कार्यवाहांच्या छापील अहवालात आहे, सवडीने वाचावा. मला एकाच प्रश्नावर बोलायचे आहे आणि तो फार वर्षे मनात साचलेला आहे. आपल्या प्रमाणपत्रासाठी नेमकी कोणती पात्रता मागायची?

आज एकही प्रमाणपत्र हाताशी नसताना नवरीच्या चेहऱ्यावर ब्रश टेकवता येतो. कायदा आड येत नाही. एका टोकाला आयटीआयचा वर्षभराचा कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रम आहे, त्याला दहावी पास असावे लागते. दुसऱ्या टोकाला चार-पाच दिवसांचे क्लास आहेत, त्यांना फी भरली की पुरते. दोन्हीकडचे कागद फ्रेममध्ये गेले की गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. यावर आपली चर्चा फिरून फिरून येते ती प्रशिक्षणाच्या तासांवर. पण कॅलिफोर्नियाने २०२२ पासून कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्याचे तास १६०० वरून १००० वर आणले. म्हणजे तासांचा आकडा काही देवाने नेमून दिलेला नाही. त्याच सुधारणेत तिथली प्रात्यक्षिक परीक्षाही गेली. ते अनुकरण मात्र आपण करू नये. कारण मोजायचे आहे ते बसून काढलेले तास नव्हेत, हाताला लागलेली शिस्त.

ही शिस्त कोणती, ते हेअर डायच्या खोक्यावरच छापलेले असते. गडद डायमध्ये बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन असते. काही जणांच्या त्वचेला ते सोसत नाही, डोळे-कपाळ सुजते. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबायचे, हीच पॅच टेस्ट. वर्षानुवर्षे तोच डाय लावणाऱ्याला एखाद्या दिवशी अचानक त्रास होऊ शकतो, तेव्हा ‘नेहमीचंच गिऱ्हाईक आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. कायद्याने खोक्यावर इशारा छापायला लावला, पण खोके उघडणाऱ्या हाताला काहीच विचारले नाही. मेकअपचेही तेच. एका डोळ्याला फिरवलेला मस्काराचा ब्रश परत नळीत बुडवला की पुढच्या डोळ्याचा संसर्ग नळीतच तयार. लिपस्टिक स्पॅच्युलाने खरवडून पॅलेटवर घेणे आणि प्रत्येक चेहऱ्यामागे ब्रश धुणे, याला मिनिटे लागतात, पैसे फारसे लागत नाहीत. तरी परीक्षेत गुण मिळतात ते आयलायनरच्या रेषेला.

‘कला परीक्षेत मावत नाही’ असे काही सहकारी म्हणतात. अगदी मान्य. मग कला तपासूच नका, ती गिऱ्हाईक आणि दिग्दर्शक तपासतात. परीक्षकाने पाहावे ते एवढेच की इजा होणार नाही ना. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सक्ती आली की खेड्यातली, कमी शिकलेली बाई बाहेर फेकली जाईल. ही भीती खोटी नाही. मुंबईच्या चित्रपट उद्योगातील संघटनेच्या नियमांनुसार बायकांना केशभूषेचे कार्ड मिळे, मेकअपचे नाही. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये हे नियम रद्द केले. धडा सरळ आहे. ज्या अटीचा गिऱ्हाइकाच्या त्वचेशी संबंध नाही, ती अट म्हणजे फाटकावर बसवलेला रखवालदार. म्हणूनच दहावीची अटही मला पटत नाही. नाटकाच्या मेकअप रूममध्ये स्पिरिट गमने दाढी-मिशी चिकटवून, प्रयोगानंतर कातडी न सोलता ती उतरवणाऱ्याकडे शाळेचा दाखला कशाला मागायचा? त्याची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा मराठीत घ्या, आधीच्या अनुभवाला मान्यता द्या आणि प्रमाणपत्र हातात ठेवा.

या संमेलनाने एक छोटी समिती नेमावी, त्वचारोगतज्ज्ञांना सोबत घ्यावे आणि पुढच्या वर्षापर्यंत एका पानाची परीक्षा तयार करावी. तपशील समिती ठरवील. मात्र पॅच टेस्ट, ब्रशची स्वच्छता आणि डोळ्यांची काळजी यांत जो नापास होईल, त्याचा ब्राइडल लूक कितीही देखणा असो, त्याच्या प्रमाणपत्रावर आपल्या संघटनेची सही असता कामा नये. यावर भांडायला मी तयार आहे.