संशोधन-अहवालाची मांडणी



संशोधनाचा अहवाल म्हणजे केलेल्या श्रमांचे प्रशस्तिपत्र नव्हे. तो वाचून दुसऱ्या गावच्या शिक्षकास तोच प्रयोग करून पाहता यावा, आणि त्यात चूक असल्यास ती सापडावी, एवढ्यासाठी तो लिहावयाचा असतो. मांडणीचे सर्व नियम या एका गरजेतून निघाले आहेत.

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतिणींपैकी ४५९ दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. विद्यार्थी शवविच्छेदन करून प्रसूतीच्या कामास येतात, ही गोष्ट डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी हेरली. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम घातला. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ पैकी ४५ मृत्यू झाले.

एवढा मोठा शोध. परंतु त्याचा संपूर्ण वृत्तान्त त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला तो १८६१ साली. पाचशेहून अधिक पृष्ठांच्या त्या ग्रंथात तक्ते, तर्क आणि प्रतिपक्षाशी वाद यांची सरमिसळ झाली. शोध अव्हेरला जाण्यास इतर कारणेही होती. तथापि विस्कळित मांडणीने विरोधकांचे काम सोपे केले. १८६५ साली सेमेलवाइस निवर्तले, तेव्हाही बहुतेक वैद्यांस त्यांचे म्हणणे पटलेले नव्हते.

हीच हकिकत पाच भागांत सांगता येते. एका विभागात मृत्यू अधिक का, हा प्रश्न. हात धुण्याचा नियम, ही पद्धती. मृत्यूंचे आकडे, हे निरीक्षण. हातांवाटे रोग पोहोचतो, हा निष्कर्ष. आणि रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, ही मर्यादा. निरीक्षण व निष्कर्ष वेगळे लिहिले, म्हणजे तर्काविषयी मतभेद असला तरी आकडे अबाधित राहतात.

आता शाळेकडे वळू. 'मुले वाचनात मागे का?' हा प्रश्न फार मोठा होतो. 'रोज दहा मिनिटे शब्दपट्ट्यांचे वाचन घेतल्यास तिसरीच्या मुलांच्या जोडाक्षरांच्या चुका कमी होतात काय?' हा प्रश्न हाती धरता येतो. पद्धतीत मुलांची संख्या, दिवस, आणि आरंभी व अखेरीस वाचून घेतलेली शब्दांची यादी द्यावी. निरीक्षणांचा तक्ता विशेषणांवाचून असावा. सुगीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलांची नोंद गाळू नये. कित्येकदा खरे उत्तर तेथेच असते. त्याच काळात घरी कोणी अभ्यास घेत असल्यास ते मर्यादांत नमूद करावे.

प्रयोग फसला तरी अहवाल लिहावा, आणि तो नोंदी ताज्या असतानाच लिहावा. एका शाळेने प्रांजळपणे लिहिलेले अपयश दुसऱ्या शाळेतील मुलांचे अख्खे वर्ष वाचवू शकते.