थीम ‘घर’, आणि तुमचा रिजेक्ट झालेला प्रस्ताव

कॉन्फरन्सला पाठवलेला प्रस्ताव रिजेक्ट झाला, म्हणजे आपला विषयच फालतू होता का, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज त्यावरच बोलू. सुरुवात मात्र थीमपासून, कारण निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

आपल्याकडची नेहमीची थीम तुम्हाला पाठ असेल. ‘एकविसाव्या शतकातील अमुक : आव्हाने आणि संधी’. यात काहीही बसतं. आणि काहीही बसतं म्हटल्यावर प्रस्ताव वाचणाऱ्यानं नाही कशाला म्हणायचं? मग तो भाषा बघतो, कॉलेजचं नाव बघतो. गडचिरोलीच्या एखाद्या मुलीनं गावोगाव फिरून माहिती जमवलेली असते, पण इंग्रजी अडखळतं, की ती बाहेर.

आता उलटं उदाहरण. महाराष्ट्राचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या संशोधकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरत आली आहे. तिनं एकदा विषय घेतला ‘घर’ आणि घरातली माणसं, नाती. त्यातून दोन पुस्तकं निघाली. इरिना ग्लुश्कोवा यांनी १९९८ चं ॲन फेल्डहाउस यांच्याबरोबर संपादित केलं, १९९९ चं राजेंद्र व्होरा यांच्याबरोबर.

मला ही थीम फार आवडते. वाड्याची बांधणी, चाळीतली खोली, जात्यावरच्या ओवीतलं माहेर, ऊसतोड कामगाराची कोपी, वारकरी पंढरीला माहेर म्हणतात तेसुद्धा, अशा थीमखाली सगळं येऊ शकतं. पण शेअर बाजारावर लिहिणाऱ्याला आधी घराशी नातं दाखवावं लागेल! वाचणाऱ्याच्या हातात एकच प्रश्न राहतो, यातून घराबद्दल नवीन काय कळतं? नांदेडचा मुलगा असो की ऑक्सफर्डचा, प्रश्न तोच.

मग निवड बिनचूक होते का? छे! २०१४ साली निप्स या मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदेनं (आता तिला न्यूरिप्स म्हणतात) १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे दिले. ४३ पेपरांवर समित्यांचे निकाल वेगळे आले. आकडा लहान वाटतो, पण मुळात चारातला एकही पेपर धड घेतला जात नव्हता. त्यामुळे एका समितीनं घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पेपर दुसरीनं नाकारले होते! आणि ही तर तिथली नामवंत मंडळी.

म्हणून आयोजकांनी नावं झाकावीत, प्रत्येक प्रस्ताव दोघांना द्यावा. दोघांचं जमलं नाही तर मार्कांची सरासरी काढू नये, सरळ फोनवर भांडू द्यावं. वादाचे प्रस्ताव बऱ्याचदा तेच असतात ज्यात काहीतरी नवीन असतं.

आणि तुम्ही? पहिल्या दोन वाक्यांत सांगा, कुठे काय बघितलं आणि त्यातून कुठला प्रश्न पडला. विषयाचं महत्त्व वगैरे नंतर. नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागा, लाजू नका. पण दोन दिवसांत ‘अभिनंदन, फी भरा’ असा मेल आला, तर तुमचा प्रस्ताव कुणी उघडलाच नाही असं समजा.

पुढच्या भागात पोस्टर प्रेझेंटेशन. भेटूच!