धडधाकट चांदी राहू द्या



अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. इम्प्लांट, स्कॅनर, अलायनर यांवर सकाळपासून पुष्कळ ऐकलंत. आढावा झाला असं समजा. मला बरीच वर्षं एकच गोष्ट बोलायची आहे, आणि अध्यक्षाला मध्येच थांबवत नाहीत.

धडधाकट चांदी उकरणं बंद करा.

नव्या किडीत दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरा, मीही तेच भरतो. चांदीच्या फिलिंगमध्ये वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, आणि त्याचे दिवस भरलेत हे मला कळतं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ बंद केला. मिनामाता कराराच्या देशांनी त्यासाठी २०३४ ही मुदत ठरवली आहे. पण लोकांच्या तोंडातली चांगली चांदी खणून काढा, असं यात कुठे आहे? अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये गरोदर स्त्रिया, लहान मुलं वगैरेंना नवी चांदी शक्यतो भरू नका म्हणताना, शाबूत असलेली उगाच काढू नका, हेही स्पष्ट सांगितलं. काढताना बर लावला की पाऱ्याची वाफ उलट वाढते. पारा नको म्हणून आलेल्या पेशंटला आपण नेमका पाराच हुंगायला देतो, तोही पुष्कळदा रबर डॅम न लावता!

काल रात्री जेवताना यावर दोन तट पडले होते. त्या वादाला माझं उत्तर एका दाढेचं आहे. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे यायचे. खालच्या दाढेत तरुणपणी भरलेली चांदी, काळीकुट्ट. तिच्यावर त्यांनी आयुष्यभर शेंगदाणे फोडले. मुलाने मोबाईलवर काहीतरी पाहिलं आणि त्यांना घेऊन आला. "डॉक्टर, बाबांच्या दाढेतलं विष काढा." मी कडेने प्रोब फिरवला. कुठेही अडकला नाही. एक्स-रे स्वच्छ. "काका, घरी जा," म्हटलं. ते गेले, पण घरी नाही, दुसरीकडे. काही महिन्यांनी परतले तेव्हा दाढ पांढरीशुभ्र होती आणि गार पाण्याने कळ मस्तकात जात होती. पुढे रूट कॅनाल, मग कॅप. बिल मीच केलं, म्हणून मी बोलू शकतो.

झालं काय असेल, ते इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. चांदीखालचं डेंटिन काळं पडतं, पण बहुधा दगडासारखं टणक असतं. आपल्या तरुण मित्राला काळं दिसलं की कीड वाटते, आणि तो खोदत पल्पपाशी जातो. हाताला लागतंय ते ऐका ना! मग हिरडीखालच्या कडेला, जिथे एनॅमलच उरलेलं नाही, तिथे लाळेत कॉम्पोझिट चिकटवायचं. ते लाइटखाली आकसतं, फट पडते. चांदी निदान स्वतःच्या गंजाने आपली फट बुजवत जाते. कॉम्पोझिटला ती सोय नाही. शिवाय दर बदलाला खड्डा मोठा होतो, हे वेगळंच.

कड तुटली, खाली खरी कीड लागली, दाढेला तडा गेला, तर जरूर काढा. हसताना दिसते म्हणून कोणाला सलत असेल, तर दात किती जाईल ते आधी सांगा आणि मग त्याच्या मर्जीने करा. पण "पॅकेजमध्ये चार बदलून देतो" ही पाटी मला आपल्या धंद्याची लाज वाटावी इतपत झोंबते.

कार्यकारिणीने पेशंटसाठी मराठीत एक पानी पत्रक काढावं, असं माझ्या मनात आहे. मजकूर कोणी लिहायचा ते बघू. आणि काढलेल्या चांदीचा चुरा बेसिनमध्ये सोडू नका. झाकणाच्या बाटलीत साठवा. त्या बाटल्या जिल्ह्यातून गोळा कशा करायच्या, यावर जेवणानंतर बोलू. ज्यांना माझ्याशी भांडायचं आहे, त्यांनीही तेव्हाच यावं.