पत्र्यातील नीटस छिद्र : तंत्रशिक्षणाचा एक दुर्लक्षित धडा



इलेक्ट्रॉनिक्स म्हटले की ट्रान्झिस्टर, कंडेन्सर आणि रंगीबेरंगी तारा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु घरी वा शाळेत उपकरण तयार करणाऱ्या विद्यार्थ्याची वाट बहुधा अडते ती याहून साध्या ठिकाणी. परिपथ जुळतो, दिवा लागतो, आवाज येतो. मात्र त्या परिपथाला घर नसते. ॲल्युमिनियमची पेटी मिळाली, तरी तिच्या पत्र्यात स्विच, मीटर आणि तारा यांसाठी जागा कापावयाची असते. ते काम साधले नाही की उपकरण पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा उघडेच राहते आणि प्रदर्शन संपताच अडगळीत जाते.

हा प्रश्न केवळ सुबकतेचा नाही. बीड जिल्ह्यातील शेती विहिरी आणि विंधन विहिरींवर अवलंबून आहे. कृषिपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीने मिळते. पंप आपोआप सुरू वा बंद करणाऱ्या पेट्या ठिकठिकाणचे कारागीर तयार करतात व दुरुस्तही करतात. घरगुती वीज २३० व्होल्टची असते, तीन फेजच्या पंपाची त्याहून बरीच अधिक. पेटीच्या पत्र्यातील छिद्राची कड धारदार राहिली, तर मोटारीच्या थरथरीने तारेवरील आवरण हळूहळू कापले जाते आणि एके दिवशी संपूर्ण पेटीत वीज उतरते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या जिवाशी त्या एका कडेचा असा संबंध आहे.

स्वहस्ते उपकरणे घडविण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात हौशी कारागीर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बैठक स्वतःच कापत. आठ पायांच्या ऑक्टल व्हॉल्व्हच्या बैठकीला सव्वा इंचाहून किंचित लहान, तर नऊ पायांच्या छोट्या व्हॉल्व्हला पाऊण इंचाचे गोल छिद्र लागे. हौशी रेडिओ-संदेशकांनी ही कला पुढेही जोपासली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा बीडच्या शेजारच्या लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत संदेशवहनासाठी अशा हौशी संदेशकांचे साहाय्य झाले. पुढे हैदराबादचे अशर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून ‘बिटएक्स’ नावाच्या संदेशयंत्राची रचना केली. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी ती आपापल्या घरी उभारली. प्रत्येकाला पेटीचा पत्रा मात्र स्वतःच कापावा लागला.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. साधारण पेटीस सव्वा ते दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. पत्रा वाकविण्यापूर्वी आणि रंगविण्यापूर्वीच सर्व छिद्रे पाडावीत. प्रथम कागदावर प्रत्यक्ष मापाचा आराखडा काढून तो पत्र्यावर चिकटवावा. म्हणजे आखणीही होते आणि पृष्ठभागावर ओरखडेही पडत नाहीत. छिद्राचा मध्य सेंटर पंचाने हलकेच ठोकून घ्यावा, अन्यथा ड्रिलचे टोक घसरते. पत्र्याखाली लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही पकडीत घट्ट आवळावेत. हाताने धरलेला पत्रा ड्रिल आरपार जाताना अडकून गरकन फिरतो आणि बोटे कापतो.

आधी तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून मग ते वाढवीत न्यावे. पातळ पत्र्यात मोठे ड्रिल एकदम घातले, तर छिद्र गोल न होता तिकोनी होते. म्हणून दहा मिलिमीटरच्या पुढे पायऱ्यांचे ड्रिल, रीमर अथवा चेसिस पंच वापरणे इष्ट. चेसिस पंचाची युक्ती सोपी आहे. मधल्या छिद्रातून बोल्ट घालून एका बाजूस पंच आणि दुसऱ्या बाजूस साचा बसवावा व पान्याने आवळीत जावे. पत्रा स्वच्छ गोल कापला जातो. ॲल्युमिनियम मऊ असल्याने ते ड्रिलला व कानशीला चिकटते. ड्रिलवर रॉकेलचे वा पातळ तेलाचे थोडे थेंब सोडावेत आणि कानशीवर आधी खडू घासावा, म्हणजे कीस दातांत अडकत नाही.

चौकोनी छिद्राची खरी कसोटी असते. रेषेच्या आत मिलिमीटरभर जागा सोडून लहान छिद्रांची रांग पाडावी, मधला तुकडा बारीक करवतीने सोडवावा आणि उरलेला भाग सपाट कानशीने रेषेपर्यंत आणावा. मीटर हातात धरून वारंवार बसवून पाहावे. कमी कापलेले पुन्हा कापता येते, अधिक कापलेले भरून निघत नाही. येथे मापांची माहिती उपयोगी पडते. ९६ मिलिमीटर चौरस मीटरला छिद्र लागते ९२ मिलिमीटरचे, आणि ४८ मिलिमीटरच्या मीटरला ४५ मिलिमीटरचे. पंपाच्या पेटीवरील प्रचलित दाबबटणास साधारण साडेबावीस मिलिमीटरचे गोल छिद्र लागते. दर्शनी चौकट छिद्राहून मोठी असते, म्हणून कडेचा किरकोळ दोष झाकला जातो. परंतु मापाचा दोष झाकला जात नाही.

छिद्र पाडून काम संपत नाही. दोन्ही बाजूंची बर कानशीने अथवा मोठे ड्रिल हाताने फिरवून काढावी. बोट फिरविण्याऐवजी जुन्या कापडाचा तुकडा कडेवरून ओढावा. धागा अडकला तर काम अपुरे आहे असे समजावे. तार जाणाऱ्या प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट बसवावे. पेटीला अर्थिंगची तार जोडताना तेथील रंग वा ॲनोडायझिंगचा थर खरवडावा, कारण तो थर वीज वाहू देत नाही. दातेरी वॉशर घालून बोल्ट पक्का आवळावा. कीस फुंकून उडवू नये, ब्रशने झाडावा. ड्रिलजवळ हातमोजे व सैल बाह्या नसाव्यात, डोळ्यांवर चष्मा असावा. परिपथ पेटीत असताना कधीही ड्रिल चालवू नये, कारण धातूचा एक कणही शॉर्टसर्किटला पुरतो.

ही शिस्त शिकविण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून देशात सुरू आहे आणि बीड, अंबाजोगाई येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्था तिच्याच अंग आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला आणि गावाची प्रत्यक्ष कामे करीत शिकण्याची पद्धत शाळांपर्यंत नेली. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेत निवडलेल्या शाळांना इयत्ता सहावी ते बारावीच्या मुलांसाठी वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. अशा प्रयोगशाळांत तयार संच जोडण्यावर भर राहिला आणि पत्रा, कानस व गुण्या कपाटात राहिले, तर शिक्षणाचा अर्धा हेतू हरवतो.

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्या मुलांपैकी जो गावी राहून शिकतो, त्याच्या हाती विश्वासार्ह कौशल्य पडले, तर कोयत्याखेरीज दुसरा मार्ग त्याला दिसू लागतो. पंपाची सुरक्षित पेटी तयार करणारा आणि जुनी पेटी तपासून देणारा तरुण प्रत्येक मोठ्या गावाला हवा आहे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. एक व्हाइस, एक हातड्रिल, चार प्रकारच्या कानशी, गुण्या, सेंटर पंच आणि एक पायऱ्यांचे ड्रिल एवढा संच शाळेत सामाईक ठेवता येईल. ग्रामपंचायतीने शाळेला सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या पेटीचे नवे झाकण करण्याचे काम द्यावे. शिक्षकांनी गुण देताना परिपथाबरोबर छिद्राची कडही पाहावी. वीजजोडणी मात्र परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. मुलांनी कापलेल्या त्या झाकणावर जेव्हा गावाचा पंप चालू लागेल, तेव्हा धडा पुस्तकाबाहेर आला असे म्हणता येईल.