तुमचं कसं चाललंय, दादा?

ढोकीच्या बचत गटातल्या आम्ही आज बोलणार आहोत नवऱ्यांबद्दल. ज्यांच्या बायकोला कॅन्सर झालाय, त्या नवऱ्यांबद्दल.

कॅन्सरची मोजणी आपल्या भागाला नवी नाही. बार्शीला 1987 पासून गावोगावच्या कॅन्सर रुग्णांची नोंद होते. 1999 पासून आपल्या जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांना घेऊन गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे 2009 साली जगाला कळलं ते आपल्याच बायकांमुळं.

बाईचा आजार मोजला. पण तिला घेऊन बार्शीच्या खेपा घालणाऱ्या नवऱ्याचं ओझं कोण मोजतं? रोजगार बुडतो, उसनवारी होते. रात्री तिच्या उशाशी जागायचं, पहाटे धार काढायची. लोक विचारतात, "वहिनी कशा आहेत?" त्याचं कुणी विचारत नाही. तोही सांगत नाही.

हे ओझं मोजायची रीत आहे. झारिट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाची 22 प्रश्नांची यादी जगभर वापरतात. स्वतःला वेळ मिळतो का, तब्येत ढासळली का, पैसा पुरतो का, चिडचिड होते का, असे प्रश्न. 'कधीच नाही' याला 0, 'जवळजवळ नेहमीच' याला 4. बेरीज 88 पर्यंत जाते. बेरजेनं ओझं उतरत नाही, पण नेमकं कुठं रुततंय ते कळतं.

दोन गोष्टी जपा. आजारी बाईसमोर हे विचारू नका; "माझ्यापायी घर बुडालं" असं आधीच तिच्या मनात असतं. आणि थोरल्या लेकीकडं बघा. बापाला चूल जमत नसली की तिची शाळा सुटते. बापाचं ओझं गुपचूप तिच्या डोक्यावर जातं.

गटानं एवढं करावं. आठवड्यातून दोनदा डबा द्यावा. एखाद्या खेपेला आपल्यातली एक सोबत जावी. रेल्वेत कॅन्सर रुग्णाबरोबर एका सोबत्यालाही सवलत असते, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला घ्यायला सांगावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं करावी.

आणि येत्या बैठकीआधी अशा एका घरी जाऊन विचारा, "दादा, तुमचं कसं चाललंय?" मग गप्प बसून ऐका.