अनुदान यंत्राला, शिक्षण कोणाला?

(परिवहन कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एसटीची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस धावू लागली. धूर नाही, गोंगाट नाही, डिझेलचा खर्च नाही. या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. यंत्राला विरोध करणे हा समाजवाद नव्हे. यंत्र कोणाच्या पैशाने आले आणि त्याचे ज्ञान कोणाच्या हाती राहिले, हा समाजवादाचा प्रश्न आहे.

पैसा कोणाचा, हे स्पष्ट आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्र सरकारने विद्युत बसला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे २० हजार रुपये, मोठ्या बसला कमाल ५५ लाख रुपयांपर्यंत, अनुदान ठरवले. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेची तरतूद १०,९०० कोटी रुपयांची होती. त्यांपैकी ४,३९१ कोटी १४,०२८ बसगाड्यांसाठी आणि २,००० कोटी चार्जिंग केंद्रांसाठी राखले गेले. वाहनांच्या चाचणी संस्थांचे आधुनिकीकरण करण्यासाठीही ७८० कोटी ठेवले गेले. मागणीला उत्तेजन, भांडवली मालमत्ता, प्रशासन व प्रचार ही या योजनेची शीर्षे. कामगारांच्या प्रशिक्षणाचे स्वतंत्र शीर्ष त्यांत नाही.

हा केवळ विसर नव्हे. तो या व्यवस्थेच्या रचनेतून आला आहे. अनुदानाच्या बसगाड्या सार्वजनिक परिवहन संस्थांनी विकत घेण्याऐवजी दर किलोमीटरच्या ठरावीक दराने भाड्याने घ्याव्यात, असा हा आराखडा आहे. बस कंत्राटदाराची, बॅटरी त्याची, चालक त्याचा, दुरुस्तीही त्याचीच. तिकिटाचे उत्पन्न संस्थेकडे राहते आणि तोट्याची जोखीमही तिच्याकडेच. २०२३ मध्ये एसटी महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्यांसाठी केलेला करार याच भाडेतत्त्वावरचा आहे.

या पद्धतीच्या बाजूने काही सांगण्यासारखे नाही, असे मुळीच नाही. विद्युत बसची किंमत डिझेल बसच्या कितीतरी पट आहे. पगाराचीच विवंचना असलेल्या महामंडळाजवळ एवढे भांडवल नाही. बॅटरी मुदतीपूर्वी निकामी झाली, तर तिचा भुर्दंड मालकावर पडतो, संस्थेवर नाही. हे युक्तिवाद खरे आहेत. परंतु हिशेबाच्या वहीत न दिसणारी एक किंमत या पद्धतीत चुकवावी लागते, आणि ती म्हणजे कौशल्याचा ऱ्हास.

दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एसटीच्या कार्यशाळांत बसगाड्यांचे सांगाडे बांधले गेले. आगाराआगारांत यांत्रिकांच्या पिढ्या तयार झाल्या. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा कारागीर ही सार्वजनिक संपत्तीच होती. विद्युत बसला इंजिन नाही, क्लच नाही, डिझेलचा पंप नाही. तिच्यात शेकडो व्होल्टचा विद्युतदाब आहे. तो खंडित करण्याची रीत ठाऊक नसता तिला हात लावणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. तिचा दोष कानाने नव्हे, संगणकाच्या पडद्यावर शोधावा लागतो, आणि तो पडदा उघडण्याची किल्ली निर्मात्याकडे असते. जुन्या यांत्रिकाला ही विद्या दिली नाही, तर तो निवृत्तीपर्यंत बाजूला बसून राहील. करार संपेल त्या दिवशी महामंडळाजवळ बस नसेल आणि बस दुरुस्त करू शकणारा माणूसही नसेल. मग पुढचा दर कंत्राटदारच ठरवील.

हा प्रश्न केवळ यांत्रिकांचा नाही. विद्युत बस चालकाच्या पायाखाली क्षणार्धात पूर्ण ओढ घेते. डिझेलच्या गाडीवर वर्षे काढलेल्या हातापायांना ही सवय नव्याने लावावी लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे बेस्टसाठी भाड्याने धावणाऱ्या विद्युत बसचा भीषण अपघात झाला आणि अनेकांचे प्राण गेले. जबाबदारी न्यायालय ठरवील. परंतु चालकाला अशा बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते काय, हा त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न एका माणसापुरता नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतील कंत्राटी बसचालकांना पगारवाढीसाठी संपावर जावे लागले होते. जेथे पगार अपुरा आणि नोकरी अस्थिर, तेथे चालक टिकत नाही. आणि जो टिकणार नाही त्याच्या शिक्षणावर मालक खर्च करीत नाही.

अर्थशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. शिकवलेला कामगार उद्या दुसऱ्याकडे जाईल, या भीतीने प्रत्येक मालक दुसऱ्याने शिकवावे म्हणून वाट पाहतो, आणि शेवटी कोणीच शिकवीत नाही. म्हणूनच शिक्षणाचा भार समाजाने उचलावा लागतो. बाजार तो आपणहून उचलीत नाही.

मग उपाय काय? तो शोधायला समाजवादी देशातच गेले पाहिजे असे नाही. भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या गेलेल्या अमेरिकेत, २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार, शून्य-उत्सर्जन बसगाड्यांसाठी केंद्रीय अनुदान मागणाऱ्या संस्थेने त्यातील ५ टक्के रक्कम कामगारांच्या प्रशिक्षणासाठी वापरावी, असा दंडक घातला गेला. कमी रक्कम पुरेशी असल्याचे दाखवले तरच सूट. अर्जाबरोबर सध्याच्या कामगारांच्या कौशल्यात कोठे उणीव आहे आणि त्यांना काय शिकवावे लागेल, याचा आराखडाही मागितला गेला. हाच ५ टक्क्यांचा नियम येथील ४,३९१ कोटींना लावला, तर सुमारे २२० कोटी रुपये उभे राहतात. बसमागे दीड लाखाहून थोडे अधिक. पंचावन्न लाखांचे अनुदान ज्यांना जड वाटले नाही, त्यांना दीड लाख जड वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा कामगार संघटनांनी तीन मागण्या धराव्यात. पहिली, प्रत्येक बसच्या अनुदानाचा ठरावीक हिस्सा प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. तो कंत्राटदाराच्या हाती न देता परिवहन संस्थांच्या कार्यशाळा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्यामार्फत खर्च व्हावा. दुसरी, दुरुस्तीची माहिती, बॅटरीच्या नोंदी आणि बसचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेतील तपशील सार्वजनिक संस्थेला खुला असावा आणि तिचे यांत्रिक पहिल्या दिवसापासून दुरुस्तीत सहभागी असावेत. तिसरी, चालक कोणाच्याही पटावर असो, विद्युत बसचे प्रमाणित प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय त्याच्या हाती चाक देऊ नये, आणि त्या काळाचा पूर्ण पगार त्याला मिळावा.

या मागण्या करारावर सह्या होण्यापूर्वीच मांडल्या पाहिजेत. एकदा सह्या झाल्या की दहा-बारा वर्षे हात बांधलेले राहतात. तेवढ्या काळात आजचा चाळिशीतला यांत्रिक निवृत्तीच्या उंबरठ्यावर येतो, आणि त्याची विद्या शिकून घेणारा कोणी त्याच्यामागे उभा नसतो. बस पुन्हा विकत घेता येईल. पण अशी पिढी बाजारात विकत मिळत नाही.